मतदानासह चर्चा

आमच्या घरात दर रविवारी जेवणं आटोपली की लोकसभा भरते. हे मी थट्टेने म्हणत नाही. म्हणजे थोडं म्हणतेच, पण घरात शब्द तोच आहे. सासरे पंचायत समितीत कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर संसदेची वाहिनी लावून बसायला लागले. शेजारच्या घरांतून मालिकांचे आवाज यायचे, आमच्या घरातून ‘बैठ जाइए, बैठ जाइए’. अधिवेशन संपलं की त्यांना चार दिवस जेवण गोड लागायचं नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात सासरे, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी सुना. मोठे दीर आंधळगावच्या शिवारातली धानाची शेती बघतात, माझा नवरा गावातच मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. धानाच्या बांधीत पाणी कोणी सोडायचं, म्हैस कोणी पिळायची, कशावरूनही दोघा भावांची जुंपायची आणि मग गल्लीतली माणसं आपापल्या घरापुढच्या छपरीत येऊन ऐकत बसायची. एका रविवारी सासऱ्यांनी वैतागून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला.

“आजपासून ज्याले बोलाचं आहे त्यानं माह्याकडे पाहून बोलाचं. एकमेकाशी बोलाचं नाही. संसदेत असंच असते.”

मला हसू आवरेना. पदर तोंडावर घेऊन मी आत पळाले. हा नियम सगळ्यात जास्त माझ्या कामाचा आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, भासऱ्यांनीही तिच्याशी नाही, अशी रीत आहे. माझ्या माहेरी दिघोरीला ही रीत होती, इथेही होती. आणि मी पडले तोंडाची तिखट. भासरे काही बोलले की उत्तर जिभेवर तयार असायचं, आणि ते गिळून मला भांडी आपटावी लागायची. त्या वर्षांत आमच्या घरातल्या एकाही पातेल्याला धड काठ राहिला नाही.

एका रविवारी भासरे अध्यक्षांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, पाहून म्हणाले, “धाकटीचा सैपाक उशिरा होते म्हनून वावरात गड्यायले जेवन उशिरा जाते.”

मी दारातूनच म्हटलं, “अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी आदल्या दिवशी भाजी आनून देली तर सैपाक येळेवर होईल.”

जाऊबाईंनी डोळे मोठे केले. भासरे तावातावाने अध्यक्षांकडे वळले. पण त्यांना धरायला जागा नव्हती, कारण मी त्यांच्याशी बोललेच नव्हते. मी अध्यक्षांशी बोलले होते. सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी विनाकारण दोनदा पेला वाजवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी आली.

तेव्हापासून मी नियमांची चेष्टा करणं कमी केलं. लोक म्हणतात, संसदेत काय, नुसता गोंधळ. गोंधळ असतोच. पण ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकायचं, असं आमच्या घरात किती वर्षं चाललं होतं, ते मी पाहिलं आहे. एका चमच्याच्या आवाजावर भासऱ्यांसारखा माणूस थांबतो आणि माझं वाक्य पुरं होतं, हे मला फार मोठं वाटायचं. सगळेच हळूहळू शिकले. क्रिकेटची मॅच असली की नवरा स्थगन प्रस्ताव मांडायचा. भासरे रागात काही बोलून गेले की स्वतःच म्हणायचे, “हे रेकॉर्डवर नका घेऊ.”

माझा खरा विषय मात्र वेगळा होता. मला वकिलीचं शिक्षण घ्यायचं होतं. बीए लग्नाआधी झालं होतं. नवऱ्याच्या पाठिंब्याने मी प्रवेशाची सीईटीही दिली होती, भंडाऱ्याच्या कॉलेजात नंबर लागेल इतके गुण होते. सकाळची पहिली एसटी, दुपारी परत. घरची संमती तेवढी बाकी होती. ती मी रविवारच्या बैठकीत, शून्य प्रहरात मागितली. शून्य प्रहर म्हणजे ज्याला जे तातडीचं वाटतं ते त्याने मांडावं. उत्तर देण्याचं बंधन कोणावर नसतं. ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

कारण उत्तरं तर सगळ्यांचीच गोड होती. नवरा म्हणाला, शिकायलाच पाहिजे. जाऊबाई म्हणाल्या, “शिकावं बाई, चांगलंच आहे.” भासरे म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे. सासऱ्यांनी नोंद घेतली. पुढच्या रविवारी मी पुन्हा मांडला, पुन्हा सगळे भरभरून बोलले. प्रत्येक वेळी मी खूश होऊन भांडी घासायला जायचे आणि हात धुताना कळायचं की काहीच ठरलेलं नाही. तिकडे प्रवेशाच्या फेऱ्या संपत चालल्या होत्या. एक वर्ष गेलं की दुसरंही जातं आणि मग कोणी विचारतही नाही, हे मी माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं होतं. मला त्याची धडकी भरली होती.

रोवणी आटोपलेली, संसदेचं पावसाळी अधिवेशन चालू. मी सासऱ्यांच्या खुर्चीमागे बसून बरबटीच्या शेंगा निवडत होते. पडद्यावर विरोधक फलक घेऊन मधल्या जागेत उतरले होते. ते म्हणत होते चर्चा हवी, सरकार म्हणत होतं आम्ही चर्चेला तयार आहोत, आणि तरी कामकाज तहकूब झालं.

“मामाजी, दोघायलेही चर्चा पायजे, मंग भांडून काहून राहिले?”

“नियमासाठी. सरकार म्हनते एकशे त्र्याण्णवखाली घ्या, हे म्हनतात एकशे चौऱ्याऐंशीखाली.”

“त्यानं काय फरक पडते?”

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. असं ते कधी करत नसत. “एकशे त्र्याण्णवमंदी सारे बोलतात अन् उठून जातात. मत नाही घेत. एकशे चौऱ्याऐंशीमंदी शेवटी मतदान होते. बोलाले काय जाते? हात वर केला का मानूस सापडते.”

मी शेंगा तशाच ठेवल्या आणि त्याच दुपारी सूचना लिहून त्यांच्या हातात दिली. ‘धाकट्या सुनेने वकिलीच्या शिक्षणासाठी भंडारा येथे प्रवेश घ्यावा, यास हे घर संमती देत आहे.’ खाली लिहिलं, नियम एकशे चौऱ्याऐंशी.

सासऱ्यांनी ती दोनदा वाचली. “एकशे त्र्याण्णवमंदी घेऊ ना. मोकळी चर्चा होईल.”

“मोकळी लय झाली, मामाजी.”

त्या आठवड्याच्या रविवारी त्यांनी सूचना विचाराधीन ठेवली. मला असा संताप आला! ज्या माणसाने मला बोलायला जागा दिली, तोच आता नियमाच्या आड बसला होता. सोमवारी मी चहा देताना विचारलंच. ते चहाकडे बघत म्हणाले, “घर आहे हे, पोरी. मतदान घेतलं का घरात दोन पक्ष पडतात.”

“पक्ष तं आहेतच, मामाजी. फक्त हात खाली आहेत.”

पुढच्या रविवारी पेला वाजला आणि सूचना वाचली गेली.

आधी भाषणं झाली. नवरा छान बोलला. भासरे म्हणाले, हलका धान लवकर कापणीला येईल तेव्हा घरात माणूस लागतो. जाऊबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, “शिकावं, चांगलंच आहे.”

“आज मतदान आहे,” सासरे म्हणाले. “हात वर करा लागंल.”

जाऊबाई खाली पाहत म्हणाल्या, “मंग मी हात वर नाही करत.”

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस माझ्या बाजूने बोलणारी ही बाई! मी काहीतरी तिखट बोलणारच होते, पण चमचा वाजला. सासऱ्यांनी जाऊबाईंना कारण विचारलं. घरात त्यांना कारण विचारलेलं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“ही सकाळी एसटीनं जाईल. मंग कोठ्यातलं शेन कोन काढंल? सैपाक कोन करंल? वावरात डबा कोन नेईल? मीच ना? शिकावं तिनं. पन तिचं शिकनं माह्याच अंगावर पडून राहिलं, हे कोनी बोलतच नाही.”

मला लाज वाटली आणि रागही ओसरला. त्या खरं बोलत होत्या. शून्य प्रहरात हे कधी निघालंच नसतं, गोड बोलून सगळे उठले असते.

सासरे खुर्चीत पुढे सरकले. “प्रस्तावाले दुरुस्ती सुचवाची आहे का?”

“मंजे?”

“मंजे नाही म्हनाचं नाही. हो म्हनाचं, पन अमुक झालं तं.”

जाऊबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाल्या, “हिच्या कॉलेजाच्या दिवशी कोठा अन् सकाळचा सैपाक मानसायनं करावा. कोठा मोठ्यानं, सैपाक लहान्यानं.”

भासरे उठूनच उभे राहिले. हे नियमात बसत नाही, असं ते अध्यक्षांना ओरडून सांगू लागले. अध्यक्षांनी सांगितलं की बसतं, आणि दुरुस्तीवर मत आधी घेतात. “अन् बराबरी झाली तं मी जसं चालू आहे तसंच ठेवीन. अध्यक्षाची रीतच तशी असते.”

आम्ही दोघींनी हात वर केले. भासऱ्यांचा विरोध स्पष्ट होता. राहिला माझा नवरा. माझ्या शिक्षणावर सगळ्यात सुंदर भाषणं त्याचीच झाली होती, पण आतापर्यंत त्याला त्यासाठी पहाटे उठायचं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि आपल्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे. मी त्याला डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. तो विचार करत होता तेवढ्या वेळात मी वकील होणं मनातून दोनदा सोडून दिलं. मग त्याचा हात वर गेला, पुरता नाही, खांद्यापर्यंत. सासऱ्यांनी तो मोजला.

आता मूळ प्रस्ताव. भासरे म्हणाले, “मी सभात्याग करतो.”

“कर,” सासरे म्हणाले. “पन बाहेर गेलेल्याचं मत मोजत नाहीत. विरोध आहे तं बसून विरोध कर.”

भासरे बसले आणि त्यांनी विरोधात हात वर केला, सरळ, कोपरात न वाकवता. प्रस्ताव मंजूर झाला. सासऱ्यांनी मला खुर्चीतूनच हात जोडले आणि म्हणाले, आता जा आणि फॉर्म भर. मी जाऊबाईंच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, “पुरे, भांडी पडली आहेत.” ती आम्ही दोघींनी मिळून घासली.

प्रवेश मिळाला. पण भासऱ्यांचा माझ्यावर राग होता आणि कागदावरच्या ठरावाने म्हशीचं शेण निघत नाही, हे मला कळत होतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले, गुपचूप कोठा झाडून मग आंघोळ करावी म्हणून. चुलीकडे नवरा डोळे चोळत कांदा कापत होता. मी मागच्या दाराने गेले, तर कोठ्यातून खराट्याचा आवाज येत होता.

भासरे धोतर खोचून शेण ओढत होते. मी दारात थांबले. आज तिथे ना खुर्ची होती ना अध्यक्ष, कोणाकडे पाहून बोलावं ते मला सुचेना. शेवटी म्हशीकडे पाहून म्हटलं, “राहू द्या म्हना, मी करतो.”

भासऱ्यांनी खराटा थांबवला नाही. तेही म्हशीकडेच पाहत म्हणाले, “मी हरलो ना? मंग हे माह्यं काम आहे. तिले म्हना, गाडी सुटंल.”