यजमानांची पाळी

नोकरीतली बरीच प्रकरणे फायलींबरोबर मागे राहिली. मुन्शी घाटाजवळच्या गल्लीतले हे प्रकरण मात्र अजून तपशिलासकट डोळ्यांपुढे आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्षे नव्वदच्या दशकातली. वाराणसीतल्या एका थान्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, मी प्रभारी होतो. आमचे घराणे काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात मराठी आणि थान्यात हिंदी, हा रोजचा क्रम.

सकाळची हजेरी आटोपली होती. साड्यांचा व्यापार करणारा एक गृहस्थ लेखी तक्रार घेऊन आला. त्याचे काका मराठी तीर्थपुरोहित. आयुष्यभर दशाश्वमेध घाटावर बसून महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंचे, म्हणजे यजमानांचे, विधी केलेले. दिवाळीनंतर ते कोणाला दिसले नव्हते. त्यांची अविवाहित मुलगी त्यांना कोंडून ठेवते आणि घरात यात्रेकरू उतरवते, अशी तक्रार होती.

दुसरा मुद्दा कराचा होता. घर काकांच्या, म्हणजे गुरुजींच्या नावावर. त्यांना स्मृतिभ्रंश झाल्यावर मुलीने शाळेतली नोकरी सोडली आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून घरपट्टीत सवलत मागितली. ती मिळाली, पण घर फक्त राहण्यासाठीच वापरायचे, या अटीवर. यात्रेकरू उतरवल्याचे सिद्ध झाले तर सवलत रद्द, मागची बाकी दंडासह वसूल, आणि न भरल्यास जप्ती.

“मी स्वतः बघितलंय दरोगाजी,” पुतण्या म्हणाला. “रोज सकाळी नवा माणूस सामान घेऊन आत जातो. काका जिवंत आहेत की नाही, एवढं तरी बघा.”

“तुम्ही शेवटचे कधी भेटलात त्यांना?”

“भेटलो होतो की. गणपतीत.” मग तो म्हणाला, “उद्या जप्तीची वेळ आली तर घर बाहेर जाऊ देणार नाही. मी घ्यायला तयार आहे.”

हे मी विचारले नव्हते. तक्रारदार न विचारता जे सांगतो ते वेगळे टिपून ठेवावे, असा माझा शिरस्ता होता. पण तक्रार तक्रारच असते. मी एका शिपायाला घेऊन निघालो.

दाराला बाहेरून कुलूप होते. थोड्याच वेळात मुलगी दूध घेऊन आली. वय पन्नाशीच्या आसपास, दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ. काही न विचारता तिने कुलूप काढले. आत गुरुजी चटईवर शांत झोपले होते. स्वच्छ धोतर, कपाळावर गंध.

“कुलूप कशासाठी?”

“नदीकडे जातात. गंगेला पूर होता तेव्हा नावाड्यांनी धरून आणलं. मी बाहेर गेले की लावते. गुन्हा असेल तर लिहा.”

“आणि सामान घेऊन येणारी माणसं?”

“इथं कोणी राहत नाही.”

“मग येतात कशाला?”

“ते मी सांगणार नाही.”

“नाही सांगितलंत तर गुन्हा नोंदवावा लागेल. सवलतही जाईल.”

“जाईल, माहीत आहे. ती गेली तर मला नोकरी धरावी लागेल आणि नानांपाशी कोणी उरणार नाही, हेही माहीत आहे. नोंदवा. पण इथं आवाज चढवू नका, ते जागे होतील.”

गुरुजी, म्हणजे तिचे नाना, जिवंत होते, नीट सांभाळलेले होते. पण ज्या प्रश्नावर घर वाचणार होते, नेमका त्याच प्रश्नाला ती उत्तर देत नव्हती. असे मौन पोलिसाला स्वस्थ बसू देत नाही. साध्या कपड्यातला एक शिपाई मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानाच्या दुकानावर बसवला.

काही दिवसांनी तो गोंधळलेला परत आला. “साहब, आदमी रोज बदलता है, झोला नहीं बदलता.”

रोज वेगळा माणूस, पण प्रत्येकाच्या हातात तीच हिरवी कॅनव्हासची पिशवी. बाहेर आला की तो ती पानवाल्याकडे ठेवून निघून जाई. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस तिथूनच ती उचलून आत जाई. पानवाल्याला विचारले तर तो म्हणाला, “अरे गुरू, झोला है, टँगा रहता है. हमको का मतलब?”

त्या गल्ल्यांत अशा फिरत्या पिशवीचे आम्हाला दोनच अर्थ माहीत होते, गांजा किंवा चोरीच्या मूर्ती. दुसऱ्या सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला अडवून मी थान्यात आणले.

तो बँकेतला कर्मचारी निघाला. साताऱ्याकडचा, बदली होऊन आलेला. पंचांसमोर पिशवी उघडली. एक नारळ, पंचा, तांब्या. बाकी सगळी जुनी वर्तमानपत्रे, गच्च कोंबलेली.

“ही रद्दी कशाला?”

“पिशवी भरलेली दिसावी म्हणून.”

“कोणाला दिसावी?”

अट्टल गुन्हेगार पोलिसाच्या डोळ्यांत बघून खोटे बोलतो. हा माणूस टेबलाकडे बघत होता. भीतीपेक्षा संकोच जास्त होता. मी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि हिंदी सोडून मराठीत विचारले, “आता सांगा. मी कागदावर काही घेत नाही.”

“साहेब, मी यजमान आहे,” तो म्हणाला. “खोटा.”

मग त्याने सगळे सांगितले. गुरुजी पहाटे उठत आणि यजमान घाटावर ताटकळत असतील म्हणून निघायला बघत. अडवले की आरडाओरडा, मारहाण. मुलीच्या मनगटांवरचे वळ त्याचेच. एकदा या गृहस्थाची आई गावाहून आली. स्टेशनवरून तो तिला सामानासकट गुरुजींच्या दर्शनाला घेऊन गेला. गुरुजी एकदम शांत. पाट मांडला, गोत्र विचारले, संकल्प सांगितला. नंतर पोटभर जेवले आणि झोपले.

“तेव्हापासून आम्ही पाळी लावली. मी, रेल्वेतले एक जण, विद्यापीठातले एक, अजून दोघं-तिघं. एखाद्या दिवशी पाळी चुकली की पुन्हा तेच, मारहाण. सगळे आपलेच लोक. सामान मात्र लागतं. एकदा मी तसाच गेलो तर म्हणाले, काशीला कोणी हात हलवत येतं होय?”

“मग हे लपवायचं कशाला? बाईंचं घर जायची वेळ आलीय.”

“घाट माहीत आहे ना तुम्हाला? कळलं तर ‘नकली जजमान, असली गुरू’ म्हणून रोज चेष्टा. गुरुजींचा तिथं केवढा मान होता! घर गेलं तरी चालेल, पण नानांचं हसं होता कामा नये, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांकडून शब्द घेतलाय.”

जबाब ऐकून तपास पुरा होत नाही. दुसऱ्या सकाळी साध्या कपड्यात मी स्वतः ती पिशवी उचलली. मुलीने दार उघडले, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि बाजूला झाली.

“या, या,” गुरुजी पाटावरून म्हणाले. “गाडीला उशीर झाला वाटतं?”

“हो, गुरुजी.”

“रखडतेच ती मेली. बसा. गोत्र?”

मी सांगितले.

“गाव?”

मूळ गाव मी कधी पाहिलेले नव्हते. वडील नाव सांगत, पण ऐनवेळी ते आठवेना.

“आठवत नाही?” गुरुजी समजुतीने हसले. “असू दे. प्रवासाचा शीण. होतं असं.”

मग त्यांनी माझ्या तळहातावर पाणी सोडले आणि संकल्प सुरू केला. कुठेही अडखळले नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला ते मध्येच म्हणाले, “बाई, यजमानांना चहा द्या. तुम्ही कोणाच्या?”

तिने चहा दिला.

त्याच दुपारी पुतण्याला बोलावले. काका जिवंत आहेत आणि घरात कोणी उतरत नाही, हे सांगितले.

“मग ती माणसं?”

“ती तुमचं काम करतात. उद्या तुम्ही जा. पिशवी मी देतो.”

“मी? मी घरचा माणूस आहे!”

“घरच्या माणसाला ते ओळखत नाहीत. यजमान म्हणून जा.”

तो गेला नाही. खोटी तक्रार देणे हाही गुन्हा आहे, हे समजावल्यावर गैरसमज झाल्याचे लिहून देऊन त्याने तक्रार मागे घेतली.

कर निरीक्षकासाठी मी अहवाल तयार केला. घराचा व्यापारी वापर नाही, कुलूप रुग्णाच्या जिवासाठी आहे. पाळीचा उल्लेख केला नाही; कराशी त्याचा संबंध नव्हता. मुलगी पूर्णवेळ देखभाल करते, हे मात्र स्पष्ट लिहिले. निरीक्षकाने ते वाक्य बोटाने दाखवले. “दरोगाजी, छूट मकान-मालिक की होती है. सेवा करने वाले की नहीं.”

“ठीक है. पर वाक्य रहेगा,” मी म्हणालो. वाक्य राहिले. सवलतही राहिली.

पुढे गुरुजी गेले आणि सवलत नियमाप्रमाणे बंद झाली. मुलगी थान्यात आली. तिला परत शाळेत नोकरी हवी होती.

“नानांच्या आजाराची सूट नानांच्या नावावर होती,” ती म्हणाली. “ते गेले, सूट गेली. शाळेत विचारतात, मधली वर्षं काय करत होतात? घरी होते म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही.”

मी थान्याचा कागद घेतला. ही बाई मधली सर्व वर्षे आजारी वडिलांची पूर्णवेळ देखभाल करत होती, याची चौकशीअंती खात्री झाली आहे, असे लिहिले. सही केली, शिक्का मारला. असा दाखला देण्याचा मला अधिकार होता की नाही, हे वर कोणाला विचारले नाही. शाळेने तो ठेवून घेतला आणि तिला कामावर घेतले.

पोलिसाच्या दाखल्यात बहुधा एकच गोष्ट असते, या माणसाने काही केलेले नाही. चारित्र्याचा दाखला म्हणजे तेवढेच. माणसाने काय केले, हेही कोणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यावे लागते, हे त्या प्रकरणाने शिकवले. निवृत्त होईपर्यंत असे दाखले मी आणखीही दिले. कुठलाही परत आला नाही.