पाहुण्यांसाठी रिकामा केलेला कोठा

रुक्माबाईच्या तोंडाला सारं गाव टरकून असतं, आणि तिचा नवरा उदेलाल सगळ्यांत जास्त. पण दारात पाहुणा आला की हाच उदेलाल तिला मुळीच जुमानत नाही. पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून हा माणूस स्वतः उपाशी राहील आणि घरच्यांनाही ठेवील.

लेकीच्या, सोनिकाच्या, लग्नात त्यानं तेच केलं. नवेगाव बांधाकडचं वऱ्हाड आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार होतं. घर पुरेना, म्हणून उदेलालनं गुरांचा कोठा धुऊन काढला, चुना फासला, भाड्याच्या गाद्या अंथरल्या. बैलजोडी आणि म्हैस गावाबाहेरच्या खळ्यावर उघड्यात नेऊन बांधली. म्हैस तर आज व्यायची की उद्या, अशी झालेली. रुक्माबाईनं कानीकपाळी ओरडून सांगितलं, "माघाची थंडी आहे जी, आभाळ भरून राहिलं आहे. म्हशीले तरी घरी राहू द्या."

"शेणाच्या वासात पाहुणे निजतीन का? लोक का म्हणतीन?" उदेलालचं एवढंच.

वऱ्हाड आलं, चहा झाला आणि गारा सुरू झाल्या. आधी बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. मांडवाचं कापड फाटून लोंबायला लागलं. सगळे आत पळाले. रुक्माबाई तेवढी डोक्यावर घमेलं उपडं घालून खळ्याकडे धावली.

भिजलेल्या गाठी सुटेनात, बोटं बधिर झालेली. तिनं विळ्यानं दावी कापली. बैल उधळले ते थेट घराच्या दिशेनं. म्हैस मात्र बसली ती बसलीच; पाठीवर टेंगळं आलेली, अंग थडथडत होतं. रुक्माबाईनं तिच्यावर भाताच्या तणसाचे भारे टाकले आणि माणसं आणायला घरी आली.

घरी काय, तर बैल कोठ्याच्या दाराशी आणि उदेलाल काठी घेऊन आडवा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन जी, बैलायले त्यांच्याच घरातून कायले हाकलून राहिले?"

"हळू बोल, पाहुणे ऐकतीन."

पाहुण्यांनी ऐकलंच. नवरदेवाचे काका केवलराम बाहेर आले. त्यांनी भिजलेले बैल पाहिले, मग मागे वळून गादीखालची गव्हाण पाहिली. म्हैस कुठं आहे ते रुक्माबाईनं सांगितलं, तसे ते उदेलालवर खेकसले, "आमी का साहेब लोक आहोत? आमच्याही घरी ढोरं आहेत. एका शब्दानं विचारलं असतं, तर मांडवात निजलो असतो."

वऱ्हाड्यांनीच गाद्या गुंडाळल्या, बैल आत घेतले आणि ताडपत्री, लाकडी बल्ल्या घेऊन खळं गाठलं. म्हशीला उठवून, आधार देत त्यांनी घरी आणलं. रुक्माबाईचा राग मात्र आता दुप्पट झाला होता. एवढं सोपं होतं तर. नुसतं विचारायचं होतं, आणि तेवढंही या माणसाकडून झालं नाही.

शेकोटी केली, गोणपाटं पांघरली, आडव्या झालेल्या म्हशीच्या पोटाला तिनं हातानं शेक दिला. दिवेलागणीला म्हैस व्याली. वगार होती, मेलेली. म्हैस तिला चाटत राहिली. रुक्माबाईला रडूही येईना, इतकी ती संतापली होती.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मांडव पुन्हा उभा राहिला. उदेलाल बादली घेऊन कोठ्यात आला आणि म्हणाला, "चीक काढ. पाहुण्यायले खरवस करू. कालचं सारं विसरतीन."

रुक्माबाईनं बादली हिसकून घेतली, पालथी घातली आणि तिच्यावर म्हशीला टेकून बसली.

"लेकीच्या लग्नाले मी येईन," ती म्हणाली. "पण कन्यादानाले तुमच्या शेजारी बसणार नाही."

उदेलालनं हात जोडले, भावकीनं समजावलं, केवलरामांनीही बोलून पाहिलं. ती बसली नाही. सोनिकाचं कन्यादान तिच्या काका-काकूंनी केलं.