दहा आरसे हजर

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. फाइल बंद होते, बदली होते, आणि मग चहाला बसलं की एकेक निघू लागतात. माझे बरेचसे जेलातले आहेत. म्हणजे आत मी नव्हतो, सोलर कुकर होते!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खानदेशातल्या एका जेलात लाकडं फार जळतात, म्हणून निदान डाळ तरी उन्हावर शिजवायची असं ठरलं. ऊन आमच्याकडे मागाल तेवढं. मी अमळनेरहून दहा मोठे कुकर एसटीच्या टपावर टाकले आणि निघालो.

गेटवरच अडलो. कुकर म्हणजे काळी पेटी, वर न फुटणारी काच आणि झाकणाला आतून हातभर आरसा. जेलात आरसा चालत नाही, फोडला की हत्यार. जेलरसाहेबांनी तासभर डोकं खाजवून तोडगा काढला: कैद्यांबरोबर आरसेही सकाळ-संध्याकाळ मोजायचे. तेव्हापासून मोजणी संपली की हवालदार ओरडायचा, "एकशे बेचाळीस कैदी, दहा आरसे, बठ्ठे हजर!"

*

कुकर सांभाळायला आबा मिळाले. भडगावकडचे शेतकरी, पन्नाशीतले. बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालली आणि जन्मठेप झाली. स्वयंपाकाचा हात चांगला म्हणून याच जेलात ठेवून घेतलेले. अकरा वर्षं चुलीपुढे काढून डोळे धुरानं कायमचे लाल.

कुकर दर अर्ध्या तासानं सूर्याकडे वळवायचा, हे मी नीट समजावलं. तरी पहिल्याच दिवशी डाळ कच्ची! दुपारी बारा ते तीन सगळ्यांना बराकीत कोंडतात, हे आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सूर्य पुढे गेला, कुकर जागेवर.

मग एकट्या आबांना दुपारी बाहेर राहायची परवानगी मिळाली. मे महिना, पाखरूही सावली सोडत नव्हतं, आणि हे मोकळ्या पटांगणात टोपीवर ओलं फडकं टाकून खुशीत उभे. त्रास होत नाही का, मी विचारलं.

"अकरा वरीसमा पहिलांदा दुपार दखी, साहेब."



*

बाकीच्यांना अचानक डाळीची भलतीच काळजी लागली. जो तो शिजली का बघतो म्हणून कुकरपाशी. डाळ कोण बघतंय! वर्षानुवर्षं कुणी स्वतःचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. दोन दिवसांत जेलातल्या न्हाव्याचं पितळ उघडं पडलं. तोही कैदीच. बिचारा माझ्याकडे रडत आला, की इतकी वर्षं एकाची तक्रार नव्हती, तुमच्या डाळीनं माझी अब्रू घेतली.

*

आबा मात्र आरशात कधी बघत नसत. मागून कुकर वळवायचे आणि बाजूला व्हायचे. कारण विचारलं तर विषय बदलायचे.

पुढे वरून तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी आरसे काढून चकचकीत पत्रे लावायचा हुकूम दिला. पत्रे घेऊन मी पोचलो तो नेमका मुलाखतीचा दिवस. आबांची मुलगी पहिल्यांदाच भेटायला यायची होती. ते आत आले तेव्हा ती पाच वर्षांची. तिला वाढवलं आबांच्या वडिलांनी, नानांनी. पोरीला जेल दाखवायचं नाही हा त्यांचा हट्ट. आदल्या वर्षी नाना गेले. पोर आता सोळाची.

आबांनी सकाळपासून एकच धोशा लावला होता. "मनी पोर माले वळखी का?"

नऊ आरसे निघाले. दहाव्याच्या स्क्रूला हात घातला, तर आबांनी माझं मनगट धरलं. वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पांढऱ्या मिशीवरून बोट फिरवलं.

"हाऊ तं मना बाप शे," ते हळूच म्हणाले.

आरसे गोणपाटात बांधून मी सहीसाठी गेटच्या ऑफिसात थांबलो. समोरच मुलाखतीची जाळी. जाळीमागे सात-आठ कैदी ओळीनं उभे, सगळ्यांचे कपडे सारखे, टोप्या सारख्या. आबा अगदी टोकाला, मान खाली. पोर काकाच्या मागून आली. काका बोट दाखवणार, तोच ती ओळीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेली आणि दोन्ही हातांनी जाळी धरून म्हणाली, "नाना."

आबांनी मान वर केली.

"हा, माय."