भागवत एकादशीची ओहोटी

वर्षभर मी देवाशी बोलत नव्हते. यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू बधिर झाली, पाय ओढत चालायला लागले, आणि मी देवघरातला दिवा लावायचा सोडला. उपास मात्र सुटले नाहीत. सवयीने होत राहिले, रागारागाने म्हणा ना.

यांची एकच इच्छा होती. तरुणपणी नोकरीपायी लाँचने खाडीतली जी बंदरं पालथी घातली, ती पुन्हा एकदा बघायची. म्हणून पनवेलहून उरणला गेलो आणि करंजाच्या धक्क्यावर एका तांडेलाची होडी दिवसभरासाठी ठरवली. बंदर आलं की उतरायचं, देऊळ बघायचं, चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. इतके खूश हे वर्षात दिसले नव्हते.

तिसऱ्या बंदरासमोर खडकावर देवीचं छोटं ठाणं आहे. ओहोटीला दगडांच्या वाटेने चालत जाता येतं. तांडेल म्हणाला, "ताई, लवकर या. पानी कुनाची वाट नाय बघत." मी उलट त्यालाच शिकवलं! माझे वडील मिठागरवाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. काल माझी एकादशी झाली, म्हणजे आज बारस. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, मग सव्वातीनपर्यंत पाणी उतरणार. "चारपर्यंत वाट उघडी आहे," मी ठणकावून सांगितलं.

यांना धरून धरून नेलं, हळूहळू दर्शन झालं. मी हात जोडले, पण मनात काही आलं नाही. तिथे एकही बगळा नव्हता, वाराही पडला होता. भर दिवसा किनारा पांढऱ्या धुरकटात दिसेनासा झाला. साडेतीनला परत वळलो तर वाटच नव्हती. आवाज न करता पाणी आलं होतं. मी हाक मारली, ती दुसऱ्याच कुणीतरी लांबून मारल्यासारखी मला ऐकू आली. तसेच पाण्यात उतरलो. यांच्या गुडघ्याच्या वर पाणी गेलं.

समोर पाण्यात एक बाई उभी होती. काष्टा घातलेली, डोक्यावर टोपली. कुठून आली ते दिसलं नाही. म्हणाली, "एकादशी आज हाय बाय, काल नव्हती. माज्या मागून ये. मागं बगू नको."

माझा हिशोब तिला कोणी सांगितला? कॅलेंडरवर लागोपाठ दोन एकादश्या होत्या, स्मार्त आणि भागवत. मी पहिली धरली होती, आणि तिथी अजून एकादशीचीच चालू होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे चूक पाऊण तासाची होती.

ती चालत होती, पण तिच्याभोवतीचं पाणी हलत नव्हतं. पुढचं लिहायला लाज वाटते. भीतीने मी यांचा हात सोडला. माझ्या एका हातात साडीचा घोळ, दुसऱ्यात चपला, आणि नजर त्या टोपलीवर. मागून पाय ओढल्याचा आवाज येईना. वळून बघायची हिंमत नव्हती. तेव्हा वर्षभरानंतर तोंडातून शब्द निघाले, "आई, माझं सगळं चुकलं. आता तूच बघ."

पायाला बंदराच्या धक्क्याची पायरी लागली तेव्हा पुढे कोणी नव्हतं. मागे हे शांतपणे पायरी चढत होते.

होडीत बसल्यावर हे अडखळत म्हणाले, "केवढा घट्ट धरलास गं. हात दुखतोय." आणि उजवा हात पुढे केला. वर्षभर चिमटा काढला तरी ज्याला कळत नव्हतं, तो हात.

यांचा पाय अजून ओढतच चालतो. मी खरं काय ते यांना सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावते, मागत काही नाही. एवढंच म्हणते, आई, मी सोडला होता, तू धरलास.