दहा फॉर्म, दहा हो

"आजी, दहाच्या दहा फॉर्मवर सगळीकडे हो कसं? पूर्ण गल्लीच आजारी आहे का?" सरांनी विचारलं.

शहाद्याच्या अभ्यासकेंद्रात मी त्यांच्या टेबलासमोर बसले होते. माझं वय सत्तरच्या पुढे, शिक्षण चौथी. म्हसावदकडच्या एका गावात जन्मभर दाईचं काम केलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, ते बरंच आहे. माझ्याकडे मालिश उरली. कोर्स होता मानसिक आरोग्य जागृतीचा, सहा महिन्यांचा, दूरशिक्षणाने. म्हणजे पुस्तकं पोस्टाने येतात, मास्तर मोबाइलमध्ये बोलतो आणि महिन्यातून एकदोन रविवार केंद्रात जाऊन हजेरी लावायची.

म्हातारपणी हे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. कारण एकच. मीच बाळंतपण केलेली एक बाई, मूल चार महिन्यांचं असताना विहिरीत सापडली. पाय घसरला, असं गावाने ठरवलं. रोज पाणी भरणारीचा पाय असा घसरत नाही. मी तिचं पोट, पाठ, दूध सगळं पाहिलं होतं. डोक्यात काय चाललंय ते विचारलं नव्हतं. कसं विचारायचं ते मला येत नव्हतं.

कोर्सच्या प्रॅक्टिकलला स्क्रीनिंग फॉर्म होता. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. दहा बायकांना विचारायचं: झोप उडाली आहे का, भूक मेली आहे का, उगाच रडू येतं का, जगू नये असं वाटतं का. हो किंवा नाहीवर खूण करायची, खाली सही नाहीतर अंगठा. चाळणीत जी अडकेल तिला डॉक्टरकडे पाठवायचं.

चूक मी तिथेच केली. फॉर्म आणि पेन भर गल्लीत बाहेर काढलं. आमच्याकडे फॉर्म म्हणजे योजना. दहा बायका लगेच जमल्या.

"जिजी, हाई कसानी योजना शे?" सुमनने मला विचारलं. सुमन म्हणजे माझ्या शेजारची.

"योजना नही व. अभ्यास शे मन्हा."

"हा! तू दपाडी ऱ्हायनी, सांगत नही. लिख, माले झोप येत नही."

"दुपारले घोरस तू. मन्हा घरमा आयकू येस."

"तरी लिख."

मी पुढचा प्रश्न वाचला, जगू नये असं वाटतं का? मागून एक म्हणाली, "त्यानावर जास्ती भेटी का? मंग तेबी लिख." सगळ्या हसल्या. मग त्या प्रश्नालाही सगळ्यांचं हो.

सुमनची सून मनीषा ओट्यावर डाळ निवडत बसली होती. पहिलं मूल, तीन महिन्यांचा मुलगा. तिनेही प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. ती हसली नव्हती. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

हे सगळं मी सरांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले.

"असे फॉर्म तपासणीला गेले तर तुम्ही प्रॅक्टिकलमध्ये नापास. निम्म्यांवर तरी 'नाही' हवं. कोरे फॉर्म देतो, पुढच्या रविवारी आणा."

"'नाही' कोणाचं करू?"

"गल्ली तुमची, तुम्हालाच माहीत."

शहाद्याच्या स्टँडवर एसटीला वेळ होता. बाकावर बसून मी पाच फॉर्म भरले. पहिला मनीषाचा. मुलगा झाला, घरात म्हैस, नवरा दारूला शिवत नाही. हिला काय धाड भरली? सगळीकडे 'नाही'. माझा स्वतःचा अंदाज मी तिच्या नावाने लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

नव्या फॉर्मवर नवी सही लागते, म्हणून सोमवारी तिच्याकडे गेले. सुमन म्हशीपाशी होती. मूल झोळीत रडत होतं आणि मनीषा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, झोळी न हलवता. मी फॉर्म पुढे केला. ती बारावी शिकलेली. तिने पूर्ण वाचला.

"जिजी, मी तर हा सांगं व्हतं. तुम्हीन 'नही' लिखं."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या." आणि सहीसाठी पेन मागितलं.

मी पेन दिलं नाही. फॉर्म घडी करून पिशवीत टाकला, झोळीतलं मूल उचललं आणि तिच्या शेजारी बसले. पुस्तकात लिहिलं आहे की सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. आत असलं तर बाहेर येतं. मी सरळ विचारलं.

"मनीषा, मरी जावानं मनमा येस का?"

"रोज येस."

"कसं, ते ठरायेल शे का?"

ती दाराबाहेर बघत राहिली, मळ्याच्या वाटेकडे. त्या वाटेवर विहीर आहे.

"पोर रडस ते माले काहीच वाटत नही, जिजी. मी कसी माय शे?"

"दुखनं येल माय शे. दुखनावर औषध ऱ्हास. तू आते एकली बसानं नही."

आता ही बाई माझ्या हातातली राहिली नव्हती. कोर्समध्ये याला रेफर करणं म्हणतात. जिथे आपलं चालत नाही तिथे उशीर न करता पुढे पाठवायचं. मूल आडवं असलं की दाई हेच करते. मला ते शिकवायची गरज नव्हती. अडचण सुमनची होती.

मी तिला आत बोलावून सांगितलं. ती भडकली.

"घरमा काय कमी शे इले? डोकाना डाक्टरकडे नेसू ते लोके सूनले येडी म्हनतीन!"

"म्हनू दे. मागे एकले लोके पाय घसरना म्हनेत. तुले ते पाहिजे का?"

कुठली बाई ते सुमनला माहीत होतं.

"तुन्हा पोऱ्या उलटा व्हता. पायेकडथून काढा मी," मी म्हटलं. "तव्हय तू माले इचारं व्हतं का, लोके काय म्हनतीन?"

त्या दिवशी मनीषाला क्षणभर एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही नंदुरबारला सरकारी दवाखान्यात गेलो. मूल सुमनच्या मांडीवर, मनीषा आमच्या दोघींच्या मध्ये. डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत घेतलं, बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाल्या की बाळंतपणानंतरचा हा आजार आहे, गोळ्यांनी बरा होतो, दूध पाजता येईल अशाच गोळ्या देते. तिचा नवरा दुपारी पोहोचला. त्यालाही त्यांनी तेच समजावलं.

"यांना कोणी पाठवलं? तुम्ही आशाताई का?"

"दाई," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी बाकीच्या नऊजणींना परत विचारलं. फॉर्म न काढता, एकेकीला, तिचं काम चालू असताना. आठजणींचं नाही निघालं. एकीचं हो होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिलाही नंदुरबारला दाखवलं.

रविवारी सरांपुढे जुने दहा फॉर्म ठेवले आणि नवे पाच फाडून ठेवले.

"हे काय, आजी?"

"स्टँडवर बसून खोटं लिहिलं होतं. एक बाई हातची जात होती."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक मी सुचवली." मी नाही म्हटलं नाही. सुचवली त्यांनी, पण लिहिली मी. त्यांनी जादा कागद दिला आणि झालं तसं लिहायला सांगितलं. दीड पान झालं. मला दोन तास लागले.

प्रॅक्टिकलला काठावर पास झाले. शेरा होता, 'फॉर्म नियमाप्रमाणे नाहीत.' बरोबर आहे, नव्हतेच.

मनीषाच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवा मुलगा रडायला लागला तेव्हा ती हातातलं पीठ न धुताच झोळीकडे धावली आणि त्याच्यावरच ओरडली. मी दारातून पाहिलं. मला बरं वाटलं.

मी अजूनही बायकांना विचारते, पण आधी त्यांच्या हातचं काम हातात घेते. पेन घरी असतं. गल्लीतल्या बायका मात्र विसरलेल्या नाहीत. पाण्याला गेलं की कुणीतरी विचारतंच, "जिजी, त्या योजनानं काय व्हयनं?"

मी सांगते, "दोन जनीसले भेटनी."