आजीवन म्हणजे कुणाचं जीवन?

मुलुंडमध्ये सुबोधला सगळे भला माणूस म्हणून ओळखतात, आणि त्याच्या बायकोला, श्रुतिकाला, नेमकी त्याचीच काळजी वाटते. भाजीवाल्याने भाव चढवून सांगितला तर सुबोध तेवढेच देतो, वर "तुम्हालाही परवडायला पाहिजे ना," म्हणून त्याचीच समजूत घालतो. असा माणूस नोकरीत राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण अंधेरीतली बरी चाललेली नोकरी सोडून त्याने स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं. ते विकायचं म्हणजे समोरच्याला किंमत सांगायची. घोडं तिथेच अडलं.

सॉफ्टवेअर मात्र झकास होतं. दातांच्या डॉक्टरांसाठी. पेशंटला कधी बोलवायचं हे ते लक्षात ठेवायचं, बिल करायचं, आणि पुढे तर आदल्या दिवशी पेशंटला फोनवर आठवणीचा मेसेजही धाडायला लागलं. नाव ठेवलं 'पुढची तारीख'. नाव ऐकून एका वकिलानेही चौकशी केली होती.

सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा सुबोधने एक योजना काढली: एकदाच पाच हजार भरा आणि आजीवन वापरा. डॉक्टर मंडळींनी अशी उडी मारली की बघता बघता सॉफ्टवेअर मुलुंड, भांडुप, घाटकोपरभर पसरलं. सुबोधने पेढे वाटले. त्याचे बाबा, दशरथ, गिरणी बंद पडल्यावर पडेल ते काम करून घर चालवलेला माणूस. त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "ह्यांनी आता पैशे दिले. फुडच्या वर्साक काय देतले?"

"काही नाही, बाबा. आजीवन आहे."

"मगे तू काय खातलंस?"

सुबोध हसला. त्याला तो विनोद वाटला होता.

पुढे नवे डॉक्टर महिन्याच्या वर्गणीवर येत गेले आणि धंदा रांगायला लागला. पण प्रत्येक मेसेजमागे मोबाइल कंपनीला पैसे मोजावे लागत, सर्व्हरचं भाडं दर महिन्याला वेगळं. ते दोन्ही वाढतच होतं. एका रविवारी श्रुतिका हिशेबाला बसली. ती बँकेत कर्जविभागात आहे, लोकांना तोंडावर नाही म्हणायचा तिला रोजचा सराव.

"सुबोध, सगळ्यात जास्त मेसेज कोण पाठवतं माहितीये? तुझे आजीवनवाले. फुकट आहे म्हटल्यावर ते पेशंटला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात, संक्रांतीला तिळगूळ पाठवतात. महिन्याचे पैसे भरणारे बिचारे जपून वापरतात."

"तिळगूळ पण?"

"हलव्याच्या दागिन्यांच्या चित्रासकट. आणि तक्रारीचे फोन कुणाचे? त्यांचेच. नवे लोक ह्यांचा खर्च भरतायत, बाकीचा आपण भरतोय. वाट लागेल यार अशाने."

"पण शब्द दिलाय गं मी."

"शब्द मोडू नकोस. तू विकलंस तेव्हा काय होतं त्यात? तारखा आणि बिल, एका खुर्चीचं. तेवढं राहू दे त्यांना मरेपर्यंत. मेसेज आणि जास्तीच्या खुर्च्या, ह्यांचे पैसे लाव. खुर्चीमागे महिन्याला चारशे. एक खुर्ची असलेला गरीब डॉक्टर आणि पाच खुर्च्यांचं दुकान, दोघांना एकच दर कशाला?"

हे सुबोधला पटलं. पण सांगणार कोण? सगळ्यात आधी सांगायला हवं होतं डॉक्टर देवव्रत यांना. मुलुंडच्या दातवाल्यांमध्ये त्यांचा शब्द चाले. ते मानले की बाकीचे कुरकुरत का होईना, मानणार. आणि सुबोधला रोज न चुकता फोन करणारेही तेच. "सुबोध, ते वरचं निळं बटण आज जरा फिकट दिसतंय" इथपासून ते "माझा प्रिंटर बंद आहे" इथपर्यंत.

"मी बोलू का त्यांच्याशी?" श्रुतिकाने विचारलं.

"नको नको," सुबोध घाईने म्हणाला. तिने बोलावं अशीही इच्छा होती, आणि ती काय बोलेल याची धास्तीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. रस्ताभर वाक्य घोकलं होतं. आत डॉक्टर आणि त्यांची सून मानसी दोघं होती. मानसीही दातांचीच डॉक्टर. नवी खुर्ची नुकतीच आलेली, प्लास्टिकसुद्धा पुरतं निघालं नव्हतं.

"ये ये! बरा आलास," डॉक्टर म्हणाले. "मी आता कमी येणार. मानसी बघेल सगळं, बोरिवलीलाही दवाखाना काढतेय. ते तुझं आजीवन तिच्या नावावर करून टाक."

सुबोधचं घोकलेलं वाक्य घशातच राहिलं. "आजीवन म्हणजे... डॉक्टर, तुमच्या..."

"का? आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? माझं, का दवाखान्याचं? दवाखाना तर तिच्याकडे शंभर वर्षं चालेल." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "तू तोंडाच्या उजव्या बाजूनेच का बोलतोयस?"

"नाही, तसं काही नाही..."

"बस तिथे."

नवीन खुर्चीवर पहिला पेशंट म्हणून सुबोधच बसला. डावीकडच्या दाढेत कीड खोलवर गेली होती. दुखत होतं, पण डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा म्हणून तो गप्प राहिला होता. नको म्हणायचं त्याला जमेपर्यंत सुई टोचून झाली होती. दाढ कोरून सिमेंट भरून होईपर्यंत त्याचा खालचा ओठ, हनुवटी, अर्धी जीभ, सगळं पाहुण्यासारखं परकं झालं.

"हं, आता बोल," डॉक्टर हात धूत म्हणाले. "काय काम होतं?"

एरवी सुबोध म्हणाला असता, "काही विशेष नाही, म्हणजे जमलं तर, तुम्हाला योग्य वाटलं तरच, घाई अजिबात नाही." पण हे सगळं बोलायला चालता ओठ लागतो. भूल दिलेल्या तोंडातून एवढा नम्रपणा बाहेर पडेना. त्याने मोजकेच शब्द निवडले.

"एक खुर्ची, आजीवन, राहील. दुसरी खुर्ची... अहिन्याला... चारशे. एसेज, वेगळे."

ओठ मिटेना, त्यामुळे 'म' गेला. पण चारशे अगदी खणखणीत आलं.

मानसी सासऱ्यांकडे बघायला लागली. तिला काही कळलं नसावं असं सुबोधला वाटलं, आणि जरा हायसंही वाटलं. पण देवव्रत डॉक्टर उभा जन्म भूल दिलेल्या माणसांशीच बोलत आले होते.

"खुर्चीमागे महिन्याला चारशे, आणि मेसेजचे वेगळे. बरोबर?"

सुबोधने मान हलवली. कमी करतो म्हणायला तोंड उघडलं तर फक्त लाळ आली. मानसीने कागदी रुमाल दिला.

"बोरिवलीला चार खुर्च्या आहेत," ती हिशेब करत म्हणाली. "चालेल. पण बाबा, ते तिळगुळाचे मेसेज बंद करा. माझ्या माहेरच्यांनासुद्धा तीन-तीन आलेत."

"ते बंद नाही होणार," डॉक्टर ताठ झाले. "मेसेजचे मी माझ्या खिशातून भरीन." मग सुबोधकडे वळून म्हणाले, "आजच्या सिमेंटचे आठशे झाले. ओळखीचा आहेस म्हणून सातशे दे."

सुबोधने आठशे दिले.

त्या आठवड्यात श्रुतिकाने लिहिलेला निरोप सगळ्या डॉक्टरांना गेला. सुबोधने त्यात घुसवलेल्या चार 'कृपया'पैकी तीन तिने काढले, एक ठेवला. भांडुपच्या एका डॉक्टरांनी त्याला फोनवर भरपूर ऐकवलं आणि दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. घाटकोपरचे दोघे गुपचूप गेले. उरलेल्यांनी शुभेच्छांचे मेसेज बंद केले किंवा पैसे भरले, आणि पहिल्यांदाच महिनाअखेरीला सर्व्हरचं भाडं श्रुतिकाच्या पगारातून गेलं नाही. देवव्रत डॉक्टरांचा फोन आता दिवसातून दोनदा येतो. पैसे भरणारं गिऱ्हाईक आहेत ना ते.

श्रुतिकाने मग वर्षाची वर्गणी सुरू केली. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरा, दोन महिने मोफत. हातात एकरकमी पैसा येतो आणि माणूस वर्षभर टिकतो, हे तिने सुबोधला दोनदा समजावलं. काल ती बँकेतून आली तेव्हा तो कांजूरच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलत होता.

"हो, दोन महिने मोफत," तो म्हणाला. पलीकडून बाई काहीच बोलल्या नाहीत. सुबोधला ते सोसवेना.

"बरं, तीन करू," तो म्हणाला.

श्रुतिकाने पर्स टेबलावर ठेवली आणि फोनसाठी हात पुढे केला.