नऊ व्होल्टांवरचा माझा भरवसा

माझी मुलगी अपूर्वा गिटारची पेडलं बनवते. नातेवाइकांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास समजावण्यात जातो. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी अॅल्युमिनियमची एक डबी असते. गिटारची वायर त्या डबीत शिरते, डबीतून दुसरी वायर आवाज मोठा करणाऱ्या अँपला जाते. पायाने बटण दाबलं की आवाज बदलतो. कधी घोगरा होतो, कधी विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. एवढंच ते. ऐकून घेतल्यावर माझी नणंद म्हणाली, "बरं, पण लग्नाचं काय ठरलं?"

दिवसा ती इथल्या एका खाजगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. सुट्या भागांची पाकिटं टपालाने येतात, ती उघडून ती माझ्या मसाल्याच्या डब्यात भाग लावून ठेवते. हळदीच्या वाटीत एक जात, मोहरीच्या वाटीत दुसरी. जुना डबा तिने नेला म्हणून मला नवा घ्यावा लागला. मग ती खिडकीशी बसून पेन्सिलीसारख्या तापल्या सळईने, कथील वितळवून, एकेक भाग पट्टीवर डागते. डागताना बोलत नाही, हाक मारली तर फक्त भुवई वर करते. स्वतःला गिटार वाजवता येत नाही. पेडल तपासायला एकच तुकडा शिकली आहे, तो आता आमच्या कामवाल्या बाईंनासुद्धा पाठ झालाय.

मी विजेला भिते. आमच्या गल्लीतली दीप्ती दोन उन्हाळ्यांपूर्वी कूलरमध्ये पाणी भरता भरता गेली. बादली तशीच हातात होती. तिला उचलायला धावलेल्यांत मी होते, आणि कोणीतरी मागून ओढलं म्हणून आज हे लिहिते आहे. त्यामुळे अपूर्वाने पहिल्या पेडलला वायफायच्या डब्याचा अडॅप्टर लावला आणि खोलीत धूर झाला, तेव्हा मी मेन स्विचच पाडला. ती शांतपणे म्हणाली, "आई, फक्त उलटसुलट झालं. याला मधे मायनस लागतो, वायफायच्याला मधे प्लस असतो. एक चिप गेली, बस."

"आज चिप गेली," मी म्हणाले.

त्या दिवशी घरात कायदा झाला. पेडल भिंतीतल्या विजेवर चालणार नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तेवढीच. यांनी, म्हणजे गुणाकररावांनी, जन्म कोर्टात काढलेला. ते म्हणाले, "निकाल कडक आहे, पण अपील नको करू." अपूर्वा हसली आणि तिने ऐकलं. अडॅप्टरची जागा ठेवणंच बंद केलं. बॅटरीला जीभ लावली तर नुसतं चुरचुरतं, एवढी ती दुबळी. मला झोप लागायला लागली.

तिच्याकडे येणारी मुलं लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली, नाहीतर देवीच्या मांडवात रात्रभर गाणाऱ्या जागरण पार्ट्यांतली. त्यांतला भरवेलीचा मोहित तिचा लाडका. वडील खाणीत, हा जागरणात गिटार वाजवतो. घरात आला की आधी स्वयंपाकघरात डोकावायचा.

"काकू, काय बनवून राह्यल्या?"

"तुझ्यासाठी काही नाही."

"मंग थोडंसंच द्या."

अपूर्वाने त्याला एक घोगऱ्या आवाजाचं पेडल करून दिलं होतं. देवीच्या गाण्यात एवढा घोगरा आवाज कशाला, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "काकू, महिषासुर मरतो तवा तो काय बासरी वाजवते का?"

या नवरात्रात पाचव्या माळेला दुपारी त्याचा फोन आला. तो पार्टीच्या गाडीत होता, किरनापुरला निघाला होता. अपूर्वाने फोन स्पीकरवर ठेवला, कारण तिच्या हातात डागायची पेन्सिल होती. तो म्हणाला, "ताई, ते भुणभुण करत होतं ना, ते बंद झालं. आमच्या साउंडवाल्या शालिकराम भाऊनं अँपच्या प्लगची जाडी पिन मोडून टाकली. आता एकदम साफ आवाज."

अपूर्वाने पेन्सिल खाली ठेवली. "कोणती पिन? वरची?"

"हौ. तिचं काही कामच नसते म्हणते तो. फक्त तारेले हात लावला का जरा झिणझिण्या येते."

"मोहित, ती अर्थिंगची पिन आहे. आज गिटार जोडू नको. ऐकतोस का?"

"काही नाही होत ताई. रबरी चप्पल घालीन ना." आणि गाडीतल्या कोणीतरी काहीतरी म्हटलं, तो हसला, फोन बंद झाला. मग तो लागेचना.

मी तिच्याजवळ गेले. मी विचारलं, "पण तुझं पेडल तर बॅटरीवर आहे."

"वीज पेडलमधून नाही येत, आई. अँपमध्ये गळती आहे. ती जमिनीत जायची, तो रस्ता यांनी मोडला. आता ती अँपमधून उलटी येते. वायरीतल्या तांब्याच्या जाळीतून माझ्या डबीत, डबीतून गिटारच्या तारांत. बॅटरी तिला अडवत नाही."

म्हणजे मी वर्षभर ज्या गोष्टीवर टेकून होते ती गोष्टच नव्हती. हे मी तिला म्हटलं नाही. म्हटलं एवढंच, "चप्पल आहे ना त्याच्या पायात."

"देवीच्या मंचावर?" ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. जागरणाच्या मंचावर कोणी चपला घालून चढत नाही. ढोलकवाला नाही, गाणारा नाही, साउंडवालासुद्धा नाही. आणि देवीपुढे जवारे, म्हणजे घटातलं धान्य, पेरलेले असतात, त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपतात. खालची सतरंजी भिजलेली असते. त्या भिजल्या सतरंजीवर अनवाणी मोहित, हातात लोखंडी तारा, ओठाशी लोखंडी माइक.

तिने टेस्टर घेतला आणि स्कूटीची किल्ली उचलली. मी दारात उभी राहिले. खोटं कशाला सांगू, तिला अडवायलाच उभी राहिले. "फोन कर ना परत. कोणाला तरी सांग. तू तिथे हात लावणार आहेस का?"

"लावावा लागेल."

मग मी मागे बसले.

किरनापुरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना धान पिकलेलं होतं, ट्रक समोरून येत होते, आणि मी तिच्या खांद्यावरून पुढे बघत प्रत्येक वळणावर मनात ठरवत होते की पोचू तेव्हा मांडवासमोर गर्दी असेल आणि ती गर्दी गप्प असेल. गर्दी होती. पण ढोलक वाजत होता. एक पोरगी आरती म्हणत होती. मोहित मंचाच्या कडेला गिटार गळ्यात घेऊन खुंट्या पिळत बसला होता, आणि अँपचा लाल दिवा अजून लागलेला नव्हता.

मांडवाच्या तोंडाशी मंडळाचे म्हातारे डोमाजी उभे होते. अपूर्वाने त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बाई, पाच दिवसांपासून इथं रोज पार्ट्या वाजवून राह्यल्या. देवीच्या दरबारात कोणाले काही होत नाही."

"काका, मला फक्त तपासू द्या."

"तपास ना. पण चपला इथं काढ."

तिने चपला काढायला पाय उचलला आणि मी तिचा दंड धरला. मला त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं. मी म्हणाले, "दादा, माझी एकच मुलगी आहे. ती भिजल्या सतरंजीवर उघड्या पायांनी विजेला हात लावणार, आणि मी बघायचं. तुमची असती तर?"

डोमाजींनी देवीकडे हात जोडले. नियम त्यांनी केला नव्हता, मोडणं त्यांच्या हातात नव्हतं. ज्योतीत तेल घालणाऱ्या दुर्गाबाई आमच्या मागे उभ्या होत्या, हे मला त्या बोलल्या तेव्हा कळलं. "चप्पल नाही चालत, पाट तं चालते ना? पूजेचाच पाट आहे. माह्या खोलीत कोरडा ठेवला आहे. त्याच्यावर उभी राह्य म्हणा पोरीले."

पाट आला. लाकडी, जाड, कोरडा. अपूर्वा त्यावर उभी राहिली, डावा हात कुठे टेकू नये म्हणून पाठीमागे धरला, आणि शालिकरामला म्हणाली, "भाऊ, अँप लावा."

"पोरी, खराबी तुझ्या डब्बीत आहे," तो म्हणाला. "माझं सामान चांगलं आहे."

"मग डबी काढते." तिने अँपची वायर पेडलमधून काढून सरळ गिटारला जोडली. गिटार प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली. सगळ्यांना मागे सरकवलं. शालिकरामने बटण दाबलं. तिने टेस्टरचं टोक तारेला लावलं.

दिवा लागला. अगदी मंद, नारिंगी. पहिल्या ओळीतल्या बायकांना दिसला, मला दिसला. शालिकरामने प्लग उपटला. मोडक्या पिनच्या जागेवर तो अंगठा फिरवत राहिला, आणि मला त्याचा राग येईना.

मला वाटलं, संपलं. पण मोहितच पुढे आला. "मंग मी पण पाटावर उभा राहून वाजवतो. झालं ना?"

"नाही. माइकला तोंड लागलं तर वीज तुझ्यातून माइकच्या वायरीत जाईल, पाट काय करेल? अर्थिंग नीट होईपर्यंत गिटार नाही."

"ताई, इथं मामाकडले सगळे आले आहे मले ऐकाले. तू मले चार लोकांत बिनकामाचा करून राह्यली."

"हो," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गिटार खोळीत घातली आणि मागे जाऊन बसला. जागरण ढोलक-मंजिऱ्यांवर झालं. येताना अपूर्वा रडत होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

मोहित त्यानंतर घरी आलेला नाही. पेडल त्याने एका मित्राच्या हाताने परत पाठवलं. तिने ते उघडून प्रत्येक डाग तपासला. काही बिघडलेलं नव्हतं. पुन्हा बंद करून कपाटात ठेवलं, दुसऱ्याला दिलं नाही. मी एकदा म्हटलं, फोन करून बघ. ती म्हणाली, "तो जिवंत आहे ना, रागावू दे."

भीती गेली असेल असं कोणाला वाटेल. उलट आहे. तेव्हा माझी भीती एका खोलीत होती, बॅटरीने बांधलेली. आता अपूर्वा म्हणते की जिथे पेडल वाजणार ती जागा बघितल्याशिवाय ती पेडल देणार नाही. बाजारात ही गोष्ट पसरली आहे. काहीजणांनी नावं ठेवली, म्हणाले, शाळेची बाई नखरे करते. पण आज संध्याकाळी लांजीकडच्या एका पार्टीचा फोन आला. अँप चटके देतो, ताई येऊन बघाल का?

ती लगेच हो म्हणाली. मी भाकरी थापत होते. मनात आलं, नको जाऊस म्हणावं, तुला काय पडलंय. तोंडही उघडलं. पण मला त्या तारेला लागलेलं टेस्टरचं टोक दिसलं, आणि खुर्चीवरच्या गिटारऐवजी कोणाचं तरी पोर. मी तोंड मिटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

घरात सगळे झोपलेत. मला झोप नाही. उद्या मीही जाणार आहे. धीट झाले म्हणून नाही. ती विजेला हात लावत असताना मला इथे घरी बसून फोनकडे बघता येणार नाही, म्हणून.